गोळी बंद केली, कारण गाडी थांबवता येत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई कामठीच्या आहेत. त्यांचे वडील ४८ वर्षांचे, बावीस वर्षं ट्रकवर, सध्या नागपूर–चेन्नई लाइनवर चौदाचाकी चालवतात. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी तपासायला गेले तेव्हा बीपी १७०/१०४ निघालं आणि जेवणानंतरची साखर २१८. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या त्यांनी आठ दिवसांत बंद केल्या. कंबरदुखीची गोळी मात्र न चुकता घेतात. घोरणं मोठं आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा चालूच आहे. ताईंचा प्रश्न: "बाबा कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना ट्रक सोडायला सांगू का? लायसन्स अडकेल अशी धास्ती वाटते. आणि त्यांना समजवायचं कसं?"

मी वाडीला, अमरावती रोडवर सव्वीस वर्षं दवाखाना चालवतो. आजूबाजूला सगळी गोदामं आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं, त्यामुळे माझे निम्मे रुग्ण हमाल, मुनीम नाहीतर ड्रायव्हर. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, म्हणून कुठली गोळी घ्यावी हे इथं सांगणार नाही. पण तुम्ही वर्णन केलेला माणूस मला महिन्यातून दहा वेळा भेटतो, त्याच्याबद्दल सांगतो.

आधी तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य खोडतो. "ऐकत नाहीत" असं तुम्ही म्हणता. ज्या माणसानं आठ दिवस गोळी घेतली त्यानं ऐकलं होतं. नवव्या दिवशी काय झालं, ते विचारायला हवं.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका ड्रायव्हरला बीपीची गोळी दिली, रोज सकाळी एक. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा बीपी होतं तिथंच. मी चांगलं फैलावर घेतलं त्याला. तो ऐकून घेत होता, आणि शेवटी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गोळी भारी आहे तुमची. पण ते खाल्ली का दर तासाले गाडी बाजूले घ्या लागते. हैदराबादेत दिवसा एन्ट्री बंद राह्यते. टाइम चुकला का गाडी रातभर बाहेर उभी. मालक मले विचारते, तुमाले नाही विचारत."

त्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता. बीपीसाठी तो उत्तम औषध आहे, आजही मी वापरतो. पण मी त्याला सकाळी घ्यायला सांगितलं होतं, आणि सकाळ म्हणजे त्याची गाडी हिंगणघाट सोडून पांढरकवड्याकडे धावायची वेळ. दुसरं म्हणजे, हा लघवीचा जोर दोन-चार आठवड्यांत पुष्कळ ओसरतो, हेही मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, आता जन्मभर असंच.

तेव्हापासून माझा ड्रायव्हर रुग्णाला पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसतो. मी विचारतो, "गाडी कुठं भरते, कुठं खाली होते आणि मधे झोप कुठं होते?" त्याची बीपी, साखर, कंबर, झोप, खर्रा हे पाच वेगवेगळे रोग दिसतात, पण सगळ्यांची दोरी एकाच ठिकाणी बांधलेली आहे. स्वतःचा वेळ त्याच्या हातात नाही. तो डिलिव्हरीच्या, टोलच्या, नो-एन्ट्रीच्या आणि रिटर्न लोडच्या हातात आहे. डॉक्टरचा कागद मात्र असा लिहिलेला असतो की जणू हा माणूस सकाळी आठला नाश्ता, दुपारी एकला जेवण आणि रात्री दहाला झोप घेतो.

म्हणून बाबांच्या गोळीच्या पाकिटावर बघा. नावाच्या शेवटी "एच" किंवा "सीटी" अशी अक्षरं असतील, तर बहुधा हीच लघवी वाढवणारी गोळी आहे. ती आपल्या मनानं बंद करू नका, आपल्या मनानं बदलूही नका. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना सांगा, "हे लांबच्या गाडीवर असतात." गोळीची वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते. एवढी माहिती मिळाली तर बहुतेक डॉक्टर नक्की बदलून देतील. आणखी एक गोष्ट अशी की साखर वाढली की तिच्यामुळेही लघवी जास्त होते. साधारण १८०च्या वर गेलेली साखर लघवीवाटे पडू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणजे दोष साखरेचा, आणि बदनाम होते बीपीची गोळी. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या एकदम सुरू झाल्या की हा गोंधळ हमखास होतो.

आता त्या कंबरदुखीच्या गोळीकडे येतो. तुम्ही ते वाक्य सहज लिहून गेलात, पण मला तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

मेडिकलच्या दुकानात सुटी मिळणारी दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक किंवा तिच्या जातीतली, रोज घेतली तर शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते. त्यानं बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो. म्हणजे एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्या पायानं एक्सलेटर. त्यात मूत्रपिंडाचं वेगळंच दुखणं. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आल्या आणि वर माणूस कोरडा पडला, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अचानक घटू शकतो. आणि ड्रायव्हर कोरडा पडतोच. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या पुढे जातो, जुन्या गाडीच्या केबिनमध्ये इंजिनची धग खालून येते ती वेगळी. त्यात तो मुद्दाम पाणी पीत नाही, कारण प्यायलं की थांबावं लागतं.

एका ड्रायव्हरच्या केबिनमध्ये मी एकदा चढलो होतो, त्याचा पाय सुजला होता आणि त्याला उतरवत नव्हतं म्हणून. सीटच्या डाव्या बाजूला दोन बाटल्या उभ्या होत्या. एक पाण्याची, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. दुसरी झाकण घट्ट लावलेली, वर काळी चिकटपट्टी, चुकून तोंडाला लागू नये म्हणून. मी बघतोय हे पाहून त्यानं दुसरी बाटली पायानं मागं सरकवली. पाण्याची बाटली दुपारच्या दोनला पाऊण भरलेलीच होती. विदर्भात मूतखडे का इतके, याचं निम्मं उत्तर मला त्या केबिनमध्ये मिळालं.

तर बाबांना दुखण्याची गोळी थांबवायला सांगताना नुसतं "बंद करा" म्हणू नका. कंबर खरोखर दुखते. बसलेल्या माणसाचा कणा उभ्या दिशेनं सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी थरथर सगळ्यात जास्त अंगावर घेतो, आणि ट्रकच्या सीटची थरथर नेमकी त्याच टप्प्यात येते. बावीस वर्षं मणक्यांमधल्या गाद्यांनी ती झेललीय. त्यात आपल्याकडे बरीच वर्षं ट्रकचा नुसता सांगाडा विकत घ्यायचा आणि केबिन गॅरेजमध्ये लाकूड-पत्र्याची बांधून घ्यायची, ही पद्धत होती. त्या सीटवर घोंगडी टाकून लोकांनी आयुष्य काढलं.

यावर मी काय सांगतो? पहिलं, मागच्या खिशातलं पाकीट काढा. हसू नका. बिल्ट्या, पावत्या आणि नोटांनी फुगलेलं पाकीट एका कुल्ल्याखाली घेऊन माणूस दहा तास बसतो, कंबर तिरपी राहते आणि पायात कळ जाते. माझ्याकडे दोन-तीन जणांची पायाची कळ नुसतं पाकीट शर्टाच्या खिशात ठेवून निम्म्यावर आली. दुसरं, टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खोलगट भागात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणी न सांगितलेलं. चार तास बसून उतरल्या उतरल्या ताडपत्री ओढायची नाही आणि रस्से आवळायचे नाहीत. बसून बसून मणक्याचे बंध सैल पडलेले असतात, आणि कंबर भरते ती गाडी चालवताना भरत नाही, त्या पहिल्या हिसक्यात भरते. दहा मिनिटं गाडीभोवती चाला, टायर ठोकून बघा, बिल्टी दाखवा, मग रस्शाला हात लावा. पायात मुंग्या वाढत असतील, पाऊल उचलायला जड जात असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर मात्र घरगुती उपाय सोडून त्याच दिवशी दवाखाना.

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात तुलनेनं बरं, पण तेही रोजचं होऊ लागलं तर डॉक्टरांना सांगून. आणि क्रिएटिनिनची तपासणी एकदा करून घ्याच. मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी ती साधी रक्ताची चाचणी आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ट्रक सोडायचा का. याचं उत्तर माझ्या मते बीपीवर नाही आणि साखरेवरही नाही. ते घोरण्यावर आहे.

घरी आल्यावर बाबा झोपतात तेव्हा एकदा शांतपणे ऐका. घोरणं एकदम थांबतं, दहा-पंधरा सेकंद काहीच आवाज नाही, मग दचकून मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू, असं होतंय का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का? शर्टाची कॉलर मोजली तरी चालेल. दिवसा सिग्नलवर किंवा टोलच्या रांगेत डुलकी लागते का? यातल्या दोन-तीन गोष्टींना "हो" असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. रात्री शेकडो वेळा झोप मोडते, माणसाला आठवत नाही, पण मेंदूला विश्रांती मिळत नाही. बीपी गोळ्यांना दाद देत नाही त्यामागे कितीतरी वेळा हेच असतं. याची झोपेची तपासणी होते. निदान झालं तर रात्री नाकावर हवेचा मास्क लावायचं यंत्र मिळतं आणि ट्रकच्या २४ व्होल्टवर ते चालवायचे कन्व्हर्टरही असतात. मास्क बघून ड्रायव्हर लोक आधी हसतात. ज्यानं पंधरा दिवस लावला, तो परत करायला आलेला मला तरी आठवत नाही.

आजार नसला तरी झोपेचं गणित आहेच. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाच्या हाताची आणि डोक्याची चपळाई, रक्तात १०० मिलीलीटरमागे ५० मिलीग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा ३० मिलीग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला, चहाशिवाय काही न प्यायलेला माणूस रात्री दहाला स्टेअरिंगवर असेल, तर तो एका अर्थानं कायद्याच्या पलीकडे गेलेला आहे. फक्त तो फुंकणीत सापडत नाही. त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळ अशी की शरीराचं घड्याळ कोणालाच सोडत नाही, बावीस वर्षांच्या अनुभवालाही नाही. "मले सवय आहे" हे मी हजार वेळा ऐकलंय. सवय होते ती झोप येतेय हे न कळण्याची.

माझी आणखी एक चूक इथं सांगून टाकतो. सर्दीसाठी आलेल्या एकाला मी नेहमीची सर्दीची गोळी दिली आणि तो त्याच रात्री रायपूरला निघणार होता, हे विचारलं नाही. भंडाऱ्याच्या पुढे त्याची गाडी रस्त्याखाली उतरली. सुदैवानं शेतात गेली, धानाच्या बांधीत रुतून उभी राहिली. सर्दी, खाज आणि खोकल्याच्या बऱ्याच औषधांनी गुंगी येते. दुकानातून घेताना "गाडी चालवतो" हे दोन शब्द बोलायलाच हवेत. साखरेच्या गोळ्यांचंही तसंच आहे. काही गोळ्यांनी एकट्यानं साखर सहसा फार खाली जात नाही, काहींनी मात्र जेवण चुकलं की झपकन उतरते, आणि घाम फुटून डोळ्यांपुढं अंधारी येते. ज्याचं जेवण कधी दोनला तर कधी सहाला, त्याला कुठली गोळी द्यायची हे डॉक्टरांनी ठरवताना जेवणाच्या वेळा माहीत हव्यात. सीटजवळ गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी असू द्यावी.

झोपेसाठी करता येण्यासारखं म्हणजे वीस मिनिटांची डुलकी. आधी कपभर चहा प्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं. चहाचा असर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी होते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. मोबाइलवर गजर लावायचा, कारण तासभर झोपलं तर उठल्यावर डोकं उलट जास्त जड राहतं. खिडकी उघडून वारा घेणं, मोठ्यानं गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यानं पाच-दहा मिनिटं निभतात, जास्त नाही.

आणि खर्रा. नागपूर सोडून बाहेरचं कोणी हे वाचत असेल तर सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला हा आमच्याकडचा प्रकार. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, खर्रा मात्र चौकाचौकात घोटून मिळतो. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पहिल्या गटात घातलेली आहेत. इथपर्यंत बाबांनाही माहीत असेल, पुडीवरचं चित्र ते रोज बघतात. पण ड्रायव्हर खर्रा चवीसाठी खात नाही. त्यानं झोप उडते, भूक मरते आणि एकट्या रात्री तोंडाला काहीतरी काम राहतं. ही तिन्ही कामं करणारं दुसरं काही हातात न देता "सोडा" म्हणणं म्हणजे त्याच्या हातातला जॅक काढून घेऊन चाक बदलायला सांगण्यासारखं आहे. डुलकीची व्यवस्था, भुकेला फुटाणे-शेंगदाणे, तोंडाला लवंग-बडीशेप आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिनची गोळी, असं मिळून जमतं. सगळ्यांना जमत नाही, खोटं कशाला बोलू. एवढं मात्र आजच बघा: बाबांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का ते पाहा. जात नसतील, किंवा तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याकडे लगेच. गोळ्यांचा विषय त्यानंतर.

जेवणाबद्दल थोडक्यात. धाब्यावरचं जेवण वाईट, एवढंच सांगून भागत नाही, दुसरं काही मिळतच नाही. वेळ मात्र बदलता येते. भरपेट जेवण झोपायच्या आधी, गाडी काढायच्या आधी हलकं. आणि चहा मोजा. दिवसाला दहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून गेली. साखर २१८ आलेल्या माणसाला मी पोळी-भाताबद्दल बोलण्याआधी चहावर बोलतो.

बसून राहण्याचंही सांगायला हवं. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना छापून आली होती. तीच कंपनी, तीच बस, पण दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. मी ही गोष्ट फार वर्षं ड्रायव्हरांना सांगत होतो. मग कळलं की त्याच संशोधकांनी पुढे युनिफॉर्मची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटी पहिल्यापासूनच कमरेत रुंद निघाल्या. म्हणजे सगळा दोष नोकरीचा नव्हता. तरी टोलवर, डिझेल भरताना, गाडी खाली होताना चालणं फुकट आहे. पोटरीत एकाच बाजूला सूज आणि दुखणं आलं तर मात्र ती चालून जिरवायची नसते, ती रक्ताची गाठ असू शकते.

आणखी एक, निव्वळ निरीक्षण. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा दहा वर्षं म्हातारा दिसतो. खिडकीतलं ऊन. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा असा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्याचा डावा गाल सुरकुतलेला, कारण तिथं स्टेअरिंग डावीकडे. उजव्या हाताला सुती बाही चढवली तरी पुरे.

लायसन्सबद्दल तुम्हाला धास्ती दिसते. व्यावसायिक लायसन्स आता पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रात फिट येते का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, असं विचारलेलं असतं. बीपी वाढलंय म्हणून कोणी सरसकट लायसन्स रोखत नाही. नीट तपासणाऱ्या डॉक्टरनं आधी बीपी ताब्यात आणायला सांगितलं, तर ते योग्यच आहे. गंमत म्हणजे झोपेबद्दल, घोरण्याबद्दल त्या कागदावर एकही थेट प्रश्न नाही. ट्रकचालकाचं आरोग्य म्हटलं की आपल्याकडे कैक वर्षं एड्सचेच फलक लागले. ते काम गरजेचंच होतं, पण तपासायला बसलेल्या त्याच माणसाच्या दंडाला बीपीची पट्टी कोणी बांधली नाही.

कामाच्या तासांचा कायदाही आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, लांबच्या मार्गावर परवानगीनं १० तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. पुढे तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला. पण ज्याला फेरीवर पैसे मिळतात त्याला तास कोण मोजणार? थांबलेला ड्रायव्हर स्वतःच्याच खिशाला चाट लावतो. केबिनमध्ये एसी मात्र २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालट्रकना बंधनकारक झालाय, तेवढी एक चांगली गोष्ट घडली. बाबांची गाडी जुनी असेल तर त्याचा त्यांना उपयोग नाही.

तर सोडायचा का? माझी रेघ अशी आहे. श्वास अडकण्याची लक्षणं असतील आणि गाडीवर डोळा लागत असेल, तर तपासणी आणि उपचार होईपर्यंत स्टेअरिंग बंद. छातीत दुखणं, चक्कर, साखर अचानक उतरणं, फिट यापैकी काही असेल तरीही बंद. हे नसेल तर बीपी आणि साखर ताब्यात आणत गाडी चालवता येते. पण शक्य असेल तर लाइन बदलून घ्या. बुटीबोरी, हिंगणा, चंद्रपूर, फार तर रायपूर, म्हणजे दोन-तीन रात्रींतून एकदा तरी घरची झोप. पैसे कमी मिळतील, ते तुम्हाला घरात बसून मोजावे लागतील, मी तुमच्या वतीनं मोजू शकत नाही. डबल ड्रायव्हरची गाडी मिळाली तर तीही बरी, फक्त चालत्या गाडीत नीट झोप लागतेच असं नाही. आणि एकदम सोडून घरी बसायला सांगू नका. माझ्या एका रुग्णानं मुलांच्या आग्रहानं ट्रक सोडला आणि एका गोदामावर वॉचमन झाला, रात्री आठ ते सकाळी आठ. वर्षभरानं त्याचं वजन सात किलोनं वाढलेलं, बीपी आणखी वर. रात्रीची जागरणं तीच राहिली, फक्त पगार अर्धा झाला.

खर्चाचं म्हणाल तर बीपी आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार जुळलेले आहेत का, ते आत्ताच बघून ठेवा. साखरेसाठी एचबीए१सी ही तपासणी करून घ्या. ती उपाशीपोटी करावी लागत नाही, त्यामुळे ड्रायव्हरला सोयीची, आणि तीन महिन्यांचा हिशेब देते. ६.५ किंवा त्यावर आली तर मधुमेह.

समजवायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गाडीवर असताना फोन करून रोगाबद्दल बोलू नका. चालू गाडीत तर फोनच करू नका. धाब्यावर थांबल्यावर त्यांचा फोन आला की दोनच प्रश्न विचारा, "किती झोपलात?" आणि "पाण्याची बाटली संपली का?" माझ्याकडे येणाऱ्या एकाची मुलगी एवढंच विचारायची. तो मला म्हणाला, "लेक रोज विचारते न साहेब, खोटं किती बोलू?" आणि पाण्याची आणखी एक बाटली सोबत घ्यायला लागला.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बाबांच्या मागच्या महिन्याच्या फेऱ्या एका कागदावर लिहून न्या. कधी निघाले, कुठं थांबले, कधी झोपले. आणि दंडाला बांधायचं डिजिटल बीपी यंत्र घ्या, मनगटाचं नको. ते शनिवारी घरी आले की उतरल्या उतरल्या पट्टी बांधायला धावू नका, तेव्हा आकडा चढाच येणार. आंघोळ होऊ द्या, जेवण होऊ द्या, झोपू द्या. रविवारी सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि खर्ऱ्याच्या आधी, पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवा आणि मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. दोन्ही आकडे त्याच कागदाच्या मागं लिहा. घरी १३५/८५ च्या वर येत राहिलं तर बीपी खरोखर वाढलेलं आहे. १८०/१२० च्या वर आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा अर्ध्या अंगाला कमजोरी असेल, तर कागद राहू द्या, सरळ नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल ते गाठा.